पाच सुरांचं वैर

मास्तर ‘पाच’ म्हणायचे तेव्हा डावा हात पुढे करायचे, पण बोटं तीनच उघडायची. अनामिका आणि करंगळी तळव्याकडे वळून कायमची आखडलेली. नवख्याला वाटायचं, म्हातारा मोजण्यात चुकतोय. ते मात्र ठासून सांगायचे, "पाचच. सहावा मागायचा नाय."

पाच म्हणजे सूर. सा, रे, ग, प, ध. मी त्यांच्याकडे पावणेदोन वर्षं मँडोलिन शिकले आणि तेवढ्या काळात या पाचांपलीकडे त्यांनी मला पाऊल टाकू दिलं नाही. का, ते मला फार उशिरा कळलं.

जुईनगरला आमच्या सोसायटीत ते तळमजल्यावर मुलीकडे राहायचे. मी बरोबर त्यांच्या डोक्यावर, पहिल्या मजल्यावर. मूळचे रायगडच्या किनाऱ्यावरचे कोकणी मुसलमान. बायको वारलेली, मुलगी शाळेत शिक्षिका. तरुणपणापासून एका ऑर्केस्ट्रात मँडोलिन वाजवलेलं, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणायचे. शिकवत मात्र कुणालाच नव्हते.

तुमच्याही सोसायटीत एखादा असा म्हातारा असेल, की ज्याच्या समोरून जाताना माणूस उगीच चप्पल नीट करतो. मास्तर तसे होते. माणूस काही विसरतो, काही सोडून देतो; मास्तर यातलं काहीच करत नसत. बाजारातल्या एका मासेवालीनं त्यांना कधीकाळी शिळे बोंबील दिले होते. त्याला अकरा वर्षं झाली होती. तरीही ते रोज तिच्या पाटीपुढे उभे राहायचे, पापलेट उचलून कल्ले बघायचे, आजूबाजूला ऐकू जाईल असं म्हणायचे, "आज ताजा दिसतोय," आणि शेजारणीकडून घ्यायचे. मासेवाली बिचारी म्हणाली एकदा, "मास्तर, आता तरी सोडा." मास्तर म्हणाले, "मी कुठं काय धरलंय?"

मी नेरूळला एका दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनवर असते. चाळिशीला टेकले तेव्हा मनात आलं, आता तरी काहीतरी वाजवावं. गाणं माझ्या नशिबात नव्हतं. सहावीत असताना समूहगीताच्या बाईंनी मला रांगेतून बाजूला घेऊन सांगितलं होतं, "तू नुसते ओठ हलव." स्नेहसंमेलनात मी नुसते ओठ हलवले आणि समोर बसलेली आई कौतुकानं बघत राहिली. त्या बाईंचं नाव, साडी, कपाळावरची टिकली, सगळं मला अजून दिसतं. वाद्याला निदान तोंड लागत नाही, एवढ्याच विचारानं मी वाशीहून एक साधं मँडोलिन घेऊन आले. गेटजवळच्या बाकड्यावर मास्तर बसले होते.

"पिशवीत काय हाय, बाय? दाखव."

मी दाखवलं. त्यांनी ते मांडीवर घेतलं, डावा हात मँडोलिनच्या मानेपर्यंत नेला आणि परत खाली ठेवला. उजव्या अंगठ्यानं तारा नुसत्या छेडल्या. मग वाद्याकडे न बघता माझा डावा हात हातात घेऊन एकेक बोट वाकवून पाहिलं, घोड्याचे पाय तपासावेत तसं. करंगळी त्यांनी दोनदा ताणून पाहिली. "उद्यापासून सहा वाजता ये," म्हणाले. मी शिकवाल का असं विचारलंही नव्हतं.

मँडोलिनला आठ तारा, दोन-दोनच्या चार जोड्या. जाड बाजूनं दुसरी जोडी मोकळी छेडली की सा. तिच्याच दुसऱ्या पडद्यावर, म्हणजे मानेवरच्या दुसऱ्या पट्टीपाशी, रे, चौथ्यावर ग. मग पुढची जोडी मोकळी सोडली की प, दुसऱ्या पडद्यावर ध आणि पाचव्यावर वरचा सा. मध्यम नाही, निषाद नाही. "इंग्रजीत पेंटॅटॉनिक म्हनतात, आपल्यात भूप," मास्तर म्हणाले. "ज्या दोन सुरांवर मानूस घसरतो ते दोन काढून टाकलेत. आता तुला चुकायला जागा नाय. तरी चुकलीस तर दोष तुझा."

मला वाटलं होतं, पंधरा दिवसांत एखादं गाणं येईल. गाण्याचं नाव काढलं की ते म्हणायचे, "गानी रेडिओवर लागतात." मग चढ, उतर, अर्ध्यातून परत चढ. सा रे ग, रे ग प, ग प ध. एकेक सूर दोनदा, चारदा, मग तारा छेडायची पिक इतकी भरभर हलवायची की तुटक ठोक्यांची एक सलग रेघ व्हायची. पोलादी तारांनी बोटांच्या टोकांना आधी चरे पडले, मग फोड आले, मग घट्टे. दवाखान्यात पेशंटचं कार्ड उचलताना मला कागदाचा स्पर्शच कळत नसे.

घरी सरावातही सुटका नव्हती. मी स्वयंपाकघरात वाजवायला बसले की खाली त्यांना सगळं ऐकू जाई. एखादा सूर कमी लागला की ते खिडकीच्या ग्रिलवर काठी आपटायचे. एकदा ठोका म्हणजे परत वाजव, दोनदा म्हणजे पहिल्यापासून. माझा नवरा म्हणायचा, "तू वाजवतेस की ते?" एकदा मी वैतागून मुद्दाम मध्यम वाजवला, चांगला जोरात. काठी वाजली नाही. जरा वेळानं बेल वाजली. मास्तर एक मजला चढून धापा टाकत दारात उभे.

"तो कोन आला होता?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, चुकून आला. "चुकून आलेल्याला चहा पाजायचा नाय," म्हणाले आणि परत खाली गेले.

दीड वर्ष असं गेल्यावर त्यांनी एका संध्याकाळी मला एक चाल दिली. पाच सुरांचीच. खालच्या सा पासून निघून हळूहळू पायऱ्या चढणारी, पंचमाशी थोडी रेंगाळणारी. चार दिवसांत माझ्या हातात बसली. मग तिचा दुसरा भाग दिला. तो वरच्या सा पासून सुरू व्हायचा आणि सगळ्यात बारीक तारेवर सातव्या पडद्यापर्यंत जायचा. सातव्या पडद्यावर करंगळीच पोचते. मला पहिल्या दिवशीचं तपासणं आठवलं. मी विचारलं, "मास्तर, ही चाल कुणाची?"

मुलीनं चहा आणून ठेवला होता. ती आत निघून गेली आणि मास्तरांनी सांगायला घेतलं.

त्यांच्या ऑर्केस्ट्राच्या मालकाला सगळे दादा म्हणायचे. मास्तर त्याला काडीवाला म्हणायचे, कारण त्याला एकही वाद्य धड येत नसे. तो सगळ्यांपुढे उभा राहून हातातली काडी हलवायचा. एकदा कार्यक्रमाआधी माइक जोडणं चाललं होतं आणि मास्तर कोपऱ्यात बसून आपली नवीन चाल वाजवत होते. काडीवाल्यानं ऐकली, परत वाजवायला लावली. आठवडाभरात सगळा ऑर्केस्ट्रा ती वाजवू लागला आणि पुढे प्रत्येक कार्यक्रम त्याच चालीनं सुरू व्हायला लागला. पहिले काही दिवस तो स्टेजवर सांगायचा, ही आमच्या मास्तरची चाल. मग ‘आमची’ म्हणू लागला. मग ‘माझी’.

मास्तरांनी एकदा तालमीत सगळ्यांदेखत विचारलं. काडीवाला हसला. म्हणाला, "पाच सुरांची चाल ती. पाच सूर झाडूवालासुद्धा जोडेल. तुझ्या बापाचे आहेत का?" सगळे हसले. जे हसले नाहीत ते आपापलं वाद्य पुसत बसले.

"मग ऑर्केस्ट्रा का नाही सोडला तुम्ही?" मी विचारलं.

"घरात खानारी तोंडं होती. अकरा वर्षं रोज वाजवली मी ती. माझी चाल, त्याची म्हनून." त्यांनी आखडलेली बोटं दुसऱ्या हातानं चोळली. "मग बोटं गेली. एक दिवस तालमीला गेलो तर माझ्या खुर्चीच्या जागी कीबोर्ड. त्यात मँडोलिनचा आवाज निघतो म्हने. इस्त्रीच्या टेबलातनं."

दुसरा भाग त्यांनी तालमीत सगळे हसले त्याच आठवड्यात बांधला होता, पण तो ऑर्केस्ट्रात कुणापुढे कधी वाजवला नाही. फक्त बायकोनं ऐकला होता. जगात दुसऱ्या कुणालाच माहीत नव्हतं की ती चाल अर्धी आहे.

मग त्यांनी मला काम सांगितलं. काडीवाल्याला पंचाहत्तर वर्षं होत होती. वाशीच्या एका सभागृहात सत्कार ठरला होता आणि हौशी वादकांची नावं मागवली होती. "तू नाव दे. मँडोलिन वाजवनारी बाई त्यांना मिळायची नाय. पहिला भाग वाजव, त्याला खूश होऊ दे. मग थांबू नको."

माझ्या लक्षात सगळं आलं. ते माझा हात तपासत होते तेव्हा शिष्य शोधत नव्हते, हत्यार शोधत होते. मी मँडोलिन उचललं आणि वर आले. आठ दिवस पिशवीची चेन उघडली नाही. ग्रिलवर काठीही वाजली नाही. नवव्या दिवशी दवाखान्यात एक वयस्कर पेशंट आली. तिच्या कपाळावर तशीच मोठी टिकली होती. समूहगीताच्या बाई नव्हत्या त्या, पण मी दिवसभर धड काम करू शकले नाही. मनात एकच यायचं, त्या बाई आता कुठे असतील, आणि कुणी माझ्या हातात असं हत्यार दिलं असतं तर मी काय केलं असतं. त्या संध्याकाळी सहा वाजता मी खाली गेले. सरळ दुसऱ्या भागापासून सुरू केलं.

सत्काराच्या दिवशी मास्तर इस्त्रीचा पांढरा सदरा घालून मुलीबरोबर तिसऱ्या रांगेत बसले. दादांना मी पहिल्यांदाच पाहत होते. गोरा, देखणा म्हातारा, स्टेजवरच्या सोफ्यात मध्यभागी. त्यांची जुनी वादक मंडळी पहिल्या रांगेत होती. माझं नाव पुकारलं, दादांची सुप्रसिद्ध चाल म्हणून सांगितलं गेलं आणि मी वाजवायला लागले. पावणेदोन वर्षांची ती पाच ठिकाणं बोटांनी आपली आपण शोधली. दादा मान डोलवत होते. पहिला भाग संपला तसे त्यांनी टाळीसाठी हात उचलले.

मी थांबले नाही. वरच्या सा वर गेले, बारीक तारेवर चढले, करंगळी सातव्या पडद्यावर ठेवली. दादांचे हात हवेत तसेच राहिले. पहिल्या रांगेत अकॉर्डियन वाजवणारे एक गृहस्थ होते, त्यांनी झटकन मागे वळून रांगांमध्ये कुणाला तरी शोधलं.

संपल्यावर टाळ्या पडल्या. आणि मग दादांनी शांतपणे माइक घेतला. म्हणाले, हा पुढचा भाग मी अलीकडेच बांधला, या मुलीनं तो फार छान बसवलाय.

मी स्टेजवर उभी होते आणि मला तोंडात मारल्यासारखं झालं. आमच्या सगळ्या तयारीत ही शक्यता कधी आलीच नव्हती. माणूस एकदा चोरतो हे समजू शकतं. आमच्या डोळ्यांदेखत, एवढ्या उजेडात, दुसऱ्यांदा?

तिसऱ्या रांगेत मास्तर काठी टेकत उठले. आवाज चढवला नाही.

"दादा," ते म्हणाले. त्यांच्या तोंडून हा शब्द मी त्याआधी ऐकला नव्हता. "मग तिसरा भाग पन ऐकवा ना. तुमचाच हाय."

दादांनी दिव्यांपुढे हात आडवा धरून खाली पाहिलं. त्यांनी ओळखलं. सभागृहातल्या लोकांना वाटलं, कुणी जुना चाहता फर्माईश करतोय; ते टाळ्या वाजवायला लागले. तेव्हा मला काय सुचलं कुणास ठाऊक. मी सोफ्यापाशी गेले आणि माझं मँडोलिन त्यांच्यापुढे धरलं.

नाही म्हणता येईना म्हणून त्यांनी घेतलं. दोन्ही हातांवर, ताट धरावं तसं. मग हसले, वय झालं म्हणाले, लोकही त्यांच्याबरोबर हसले आणि निवेदकानं घाईघाईनं शाल आणि नारळ मागवला. बहुतेकांना काही घडलं असं वाटलंही नाही. पण पहिल्या रांगेत एकही माणूस हसला नव्हता. आणि शाल पांघरून घेताना दादा फोटोवाल्याकडे न बघता तिसऱ्या रांगेकडे बघत होते.

बाहेर पायऱ्यांवर ते अकॉर्डियनवाले मास्तरांजवळ आले. हात धरून म्हणाले, "मास्तर, आम्हाला माहीत होतं हो ती तुमची आहे."

"माहीत होतं तर एवढी वर्षं तोंडात काय धरलं होतं?" मास्तरांनी विचारलं आणि हात सोडवून घेतला. ते गृहस्थ तिथेच उभे राहिले. मला त्यांची दया आली. मास्तरांना आली नाही.

परतताना रिक्षात मी म्हटलं, "तिसरा भाग तुम्ही मला कधी सांगितला नाहीत."

"तिसरा भाग नायच," मास्तर म्हणाले. "चाल तिथं संपते." मग सानपाड्याच्या पुलाखालून जाताना म्हणाले, "आता त्याला शोधू दे."

आणि दादा खरोखर शोधू लागले. पंधरा दिवसांनी पहिला फोन आला. आधी ख्यालीखुशाली, मग जुन्या आठवणी, मग सहज विचारल्यासारखं, तो तिसरा भाग काय होता रे? मास्तर म्हणाले, आठवतोय थोडा थोडा, पुढच्या आठवड्यात कर. पुढच्या आठवड्यात परत फोन. मास्तर म्हणाले, काल आठवला होता, आज गेला. हे किती महिने चाललं सांगितलं तर तुम्हाला पटणार नाही. फोनच्या वारी मास्तर दाढी करून बसायचे. फोन स्पीकरवर टाकायचे, मला खाली बोलवायचे आणि ऐकताना चहात खारी बुडवायचे. एकदा तर त्यांनी दोन सूर गुणगुणले, ग आणि ध, आणि थांबले. पलीकडून दादा म्हणाले, "हां, हां, पुढे?" मास्तरांनी फोन ठेवून दिला.

मुलीला ते आवडत नव्हतं. ती म्हणायची, "अब्बा, बस करा आता. म्हातारा माणूस आहे तो." मास्तर म्हणायचे, "मी काय जवान हाय?" वर म्हणायचे, "त्यानं अकरा वर्षं वाजवून घेतलं, मी अकरा महिने तरी वाजवतो."

मी त्यांना एकदा म्हटलं, आता मला पुढचं काही शिकवा, दुसरा एखादा राग. त्यांनी नकारार्थी मान हलवली. मला वाटलं, काम झालं म्हणून मला काढून टाकतायत, आणि रागच आला. पण ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "माझ्याकडं एवढंच होतं, बाय." मी नेहमीची सरावाची चढउतार वाजवायला घेतली. ते डोळे मिटून ऐकत राहिले. मुलगी दारात येऊन उभी राहिली होती. दुसरा भाग वाजवला तेव्हा ती म्हणाली, "हे अम्मी कपडे वाळत घालताना गुणगुणायची." मास्तरांनी डोळे उघडले नाहीत, पण चेहरा एकदम लहान झाल्यासारखा वाटला. एवढं एकदाच मी त्यांना वैराशिवाय पाहिलं.

हिवाळ्यात ते झोपेतच गेले. दफन गावाला झालं, समुद्राजवळच्या कबरस्तानात. मी गेले नाही; तिसऱ्या दिवशी मुलीला भेटायला खाली गेले. घर माणसांनी भरलं होतं. मी निघाले तेव्हा गेटपाशी एक रिक्षा थांबली आणि त्यातून दादा उतरले. एकटेच. सत्कारात पाहिलेला देखणा म्हातारा आता हाडांवर आला होता. त्यांनी मला लगेच ओळखलं. आत जाऊन ते मुलीला भेटले, दोन मिनिटं बसले. पाणी दिलं तेवढं प्यायले. मी गेटवरच थांबले होते. का थांबले, मला माहीत होतं.

बाहेर आल्यावर ते माझ्यापुढे उभे राहिले. म्हणाले, "बाळ, एक विचारू? तो तिसरा भाग. त्यानं तुला तरी शिकवला का?"

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. ते वाक्य ऐकून हा माणूस घरी जाऊन शांत झोपला असता. मास्तर नव्हते, मुलीला नको होतं, मला तर या माणसानं काहीच केलं नव्हतं.

मी म्हटलं, "शिकवला."

त्यांचे डोळे भरून आले. "ऐकवशील?"

"नाही," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली, जणू हेच उत्तर घ्यायला ते आले होते. मी त्यांना हाताला धरून रिक्षात बसवलं, सावकाश, पाय आत घेऊन. मला वाईट वाटलं असं मी तुम्हाला सांगणार नाही, कारण वाटलं नाही.

पुढच्या वळणावर पाण्याचा टँकर आडवा लागला होता, म्हणून रिक्षा बराच वेळ गेटपाशीच उभी राहिली. बाजूनं मला दादांचा हात दिसत होता. ते पुढच्या दांडीवर बोटांनी ठेका धरत होते. बोटं चालीसारखी पायरी पायरीनं वर सरकायची, टोकाला पोचायची आणि थांबायची. मग परत पहिल्यापासून.